ऊर्बिनो : नगर, राजवाडा आणि ग्रंथ

प्रास्ताविक

तौलनिक साहित्याच्या वर्गात बाल्दास्सारे कास्तिल्योने याचा 'दरबारी' हा ग्रंथ (मूळ इटालियन नाव 'इल लिब्रो देल कोर्तेजानो', १५२८) शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न प्रस्तुत लेखाचे निमित्त ठरला. ग्रंथाच्या अखेरीस चौथ्या रात्रीची चर्चा इतकी रंगते की रात्र सरल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. कात्री पर्वताच्या दिशेच्या खिडक्या उघडल्यावर पूर्वेला पहाट फुटलेली दिसते. मंडळी आपापल्या दालनांकडे जातात, तीही मशालींवाचून, कारण वाट दिसण्याइतका उजेड आता झालेला असतो. यावर त्या विद्यार्थिनीने विचारले, "मग आधीच्या तीन रात्री मशाली कोणी धरल्या होत्या?"

प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर ग्रंथात मिळत नाही. ते शोधायचे तर ग्रंथाबाहेर, ज्या राजवाड्यात ही चर्चा घडल्याचे सांगितले आहे त्या राजवाड्यात आणि ज्या नगरात तो राजवाडा उभा आहे त्या नगरात जावे लागते. ते नगर म्हणजे मध्य इटलीतील ऊर्बिनो. कलेतिहासकार ऊर्बिनोकडे प्रबोधनकालीन वास्तुकलेचा नमुना म्हणून पाहतात, तर साहित्याचे अभ्यासक 'दरबारी'ची पार्श्वभूमी म्हणून. या दोन दृष्टी एकत्र आणल्या तर एक गोष्ट लक्षात येते. ऊर्बिनोने एकच आदर्श तीन माध्यमांत घडवला : विटा-दगडांत, रंगांत आणि शब्दांत. तिन्ही ठिकाणी तो आदर्श काही माणसांना वगळूनच पूर्णत्वाला गेला. वगळलेले काय आहे हे शोधल्याने त्या आदर्शाचे सौंदर्य उणावत नाही, त्याची किंमत मात्र कळते. प्रस्तुत लेखात हेच मांडण्याचा प्रयत्न आहे.

टेकडी आणि सत्ता

मार्के प्रांतात, मेतौरो आणि फोल्या या नद्यांच्या खोऱ्यांच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर ऊर्बिनो वसले आहे. एड्रियाटिक समुद्र येथून फार दूर नाही, आणि पाठीशी अपेनाइन पर्वतरांग आहे. रोमन काळी येथे 'ऊर्विनुम मातौरेन्से' नावाची वसाहत होती. मूळ वस्ती एका टेकडीवर होती. पुढे ती शेजारच्या दुसऱ्या टेकडीवर पसरली. म्हणून आजही या गावात सपाट रस्ता विरळा. एक तर चढ, नाही तर उतार. बांधकाम मुख्यतः स्थानिक भाजक्या विटेचे असल्याने मावळतीच्या वेळी सारे गाव एकाच तांबूस रंगाचे दिसते.

मोन्तेफेल्त्रो घराण्याची या नगरावर तेराव्या शतकापासून सत्ता होती. साहित्याच्या अभ्यासकाला हे नाव प्रथम भेटते ते दान्तेच्या 'नरका'त. सत्ताविसाव्या सर्गात ज्वालेत गुरफटलेला एक आत्मा आपली भूमी ऊर्बिनो आणि तायबर नदीचा उगमपर्वत यांच्या मध्ये असल्याचे सांगतो. तो ग्विदो दा मोन्तेफेल्त्रो होय. आयुष्यभर सेनापती म्हणून लढलेला हा माणूस उतारवयात फ्रान्सिस्कन साधू झाला, पण पोप आठवा बोनिफास याला त्याने कपटाचा सल्ला दिला आणि त्यापायी तो नरकात गेला, अशी दान्तेची मांडणी आहे. युद्धकौशल्य, धर्मनिष्ठा आणि कपट यांचे हे मिश्रण पुढे दीडशे वर्षांनी त्याच घराण्यातील फेदेरिकोच्या चरित्रातही दिसते.

फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो (१४२२–१४८२) हा अनौरस पुत्र होता. जुलै १४४४ मध्ये त्याचा सावत्रभाऊ ओद्दान्तोनियो याचा खून झाला आणि फेदेरिकोच्या हाती सत्ता आली. त्याचा व्यवसाय युद्धाचा. कराराने सैन्य पुरवणाऱ्या आणि त्याचे नेतृत्व करणाऱ्या सेनापतीला इटलीत 'कोन्दोत्तिएरे' म्हणत. फेदेरिको अशा सेनापतींमध्ये अग्रगण्य होता. नेपल्स, मिलान, फ्लॉरेन्स आणि पोप यांनी वेळोवेळी त्याला करारबद्ध केले. ऊर्बिनोचे राज्य डोंगराळ असल्याने महसुलावर एवढा राजवाडा उभा राहणे शक्य नव्हते. तो उभा राहिला मुख्यतः युद्धाच्या मोबदल्यावर. तरुणपणी एका द्वंद्वक्रीडेत फेदेरिकोचा उजवा डोळा गेला होता. पिएरो देल्ला फ्रांचेस्काने काढलेल्या प्रसिद्ध व्यक्तिचित्रात तो म्हणूनच डाव्या बाजूने दिसतो. चित्रकाराने केलेली ही निवड ऊर्बिनोच्या साऱ्या कलेला लागू पडते : दाखवायची ती बाजू निर्दोष, आणि उरलेली चौकटीबाहेर.

राजवाड्याची रचना

जून १४६८ मध्ये फेदेरिकोने डाल्मेशियाहून आलेल्या लुचानो लौराना या वास्तुविशारदाला नियुक्तिपत्र दिले. स्थापत्याच्या इतिहासात या पत्राला मोठे महत्त्व आहे. वास्तुविद्या अंकगणित आणि भूमिती यांवर उभी असून या दोन्हींची गणना सप्तविद्यांत होते, असे त्यात प्रतिपादन आहे. आपण टस्कनीतही योग्य माणूस शोधला, परंतु तो मिळाला नाही, असेही फेदेरिको नमूद करतो. गवंड्याच्या हस्तकौशल्याला येथे विद्येचा दर्जा मिळत होता. लौराना १४७२ मध्ये ऊर्बिनो सोडून गेला. पुढील काम सिएनाच्या फ्रांचेस्को दी जोर्जो मार्तिनी याने हाती घेतले.

राजवाड्याचा चौक हे लौरानाचे श्रेष्ठ काम मानले जाते. चारी बाजूंनी सडपातळ स्तंभ आणि त्यांवर अर्धवर्तुळाकार कमानी आहेत. खरी अडचण कोपऱ्यात येते. दोन बाजूंच्या कमानी एकाच स्तंभावर टेकवल्या तर कोपरा दुबळा दिसतो. लौरानाने तेथे भक्कम जोडखांब घालून हा प्रश्न सोडवला. चौकाच्या दोन्ही मजल्यांवर पट्टीसारखा लॅटिन शिलालेख फिरतो. हा वाडा ड्यूक फेदेरिकोने आपल्या कीर्तीसाठी आणि वंशजांसाठी पायापासून उभारला, असा त्याचा आशय. वस्तुतः या वाड्यात घराण्याच्या जुन्या इमारती सामावून घेतलेल्या आहेत. फेदेरिकोला ड्यूकपद मिळाले तेही १४७४ मध्ये, पोप चौथा सिक्स्टस याच्याकडून, म्हणजे बांधकाम बरेच पुढे गेल्यानंतर. शिलालेख हाही एक प्रकारचा साहित्यपाठ असतो, आणि इतर पाठांप्रमाणेच तो पूर्वसूरींचे ऋण झाकू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

वाड्याची पश्चिमेकडील बाजू गावाकडे तोंड करून नाही, ती दरीकडे पाहते. दोन उंच, निमुळते बुरूज आणि त्यांच्यामध्ये एकावर एक असे कमानदार सज्जे हे तिचे प्रसिद्ध रूप होय. रोमच्या वाटेने येणाऱ्या पाहुण्याला दुरूनच दिसावे, असे हे दर्शन आहे. बुरूज किल्ल्याचे स्मरण देतात, सज्जे विसाव्याचे. गावाच्या चौकाकडील बाजूचे दगडी आच्छादन मात्र कधीच पुरे झाले नाही. तेथे आजही उघडी वीट दिसते.

सज्ज्यांच्या मागे फेदेरिकोची 'स्तुदिओलो' नावाची लहानशी अभ्यासिका आहे. तिच्या भिंतींचा खालचा भाग लाकडी जडावकामाने मढवलेला आहे. या खोलीत १४७६ हे साल कोरलेले आढळते. निरनिराळ्या छटांच्या लाकडाचे तुकडे जोडून अर्धवट उघडी कपाटे, त्यांतील ग्रंथ, वाद्ये, घड्याळ, चिलखताचे भाग, फळांची परडी आणि खार असे सारे हुबेहूब साकारले आहे. कपाटे खरी नाहीत, ग्रंथही खरे नाहीत. सपाट भिंत खोल भासते ती केवळ यथार्थदर्शनाच्या गणिताने. वरच्या भागात २८ थोर पुरुषांची चित्रे होती. त्यांत प्लेटो, ॲरिस्टॉटल, होमर, व्हर्जिल यांच्या शेजारी मोझेस, सॉलोमन, दान्ते आणि पेत्रार्क होते. ग्रीक, रोमन, हिब्रू आणि देशी भाषांतील परंपरा एका खोलीत एका ओळीत मांडण्याची ही कल्पना तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला विशेष जवळची वाटेल. आज त्यांपैकी १४ चित्रे ऊर्बिनोत असून उरलेली १४ पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहेत. अभ्यासिकेच्या खालच्या मजल्यावर दोन लहान खोल्या शेजारी-शेजारी आहेत. एक ख्रिस्ती उपासनेची, दुसरी कलादेवतांची. दोहोंना जवळजवळ सारखेच स्थान दिलेले आहे.

मशालींच्या प्रश्नाचे उत्तर या मजल्यांच्याही खाली सापडते. राजवाड्याच्या तळघरांत मुदपाकखाना, घोड्यांचे तबेले, स्नानगृहे, धुण्याची जागा आणि हिवाळ्यातील बर्फ साठवण्याची खोल विहीर आहे. पाण्याची आवक आणि निचरा यांची व्यवस्था इतकी विचारपूर्वक आखलेली आहे की ती पाहून वरच्या दालनांची शांतता कशावर उभी होती, ते उमगते. फ्रांचेस्को दी जोर्जोने गावाच्या पायथ्यापासून वाड्यापर्यंत नागमोडी चढण बांधली. घोड्यावरून थेट वर जाता यावे, हा तिचा उद्देश. पाहुणा, घोडा, लाकूडफाटा आणि पाणी यांना वर-खाली ने-आण करणारी माणसे या वास्तूच्या आराखड्यात आहेत. त्यांच्याविषयीचा मजकूर मात्र कोठेही कोरलेला नाही.

माणसांवाचून नगर

राजवाड्यात आज मार्के प्रांताचे राष्ट्रीय कलादालन आहे. त्यातील 'आदर्श नगर' या नावाने ओळखला जाणारा आडवा चित्रफलक जगप्रसिद्ध आहे. तो कोणी रंगवला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. फरसबंद चौक, मधोमध गोलाकार मंदिरासारखी वास्तू, दोन्ही बाजूंना समतोल घरे आणि दोन विहिरी असे हे चित्र आहे. सर्व रेषा एका बिंदूकडे धावतात. काही खिडक्यांत रोपे आहेत, एका छज्जावर दोन कबुतरे आहेत आणि गोल वास्तूचे दार किंचित उघडे आहे. परंतु माणूस एकही नाही. हे नगर माणसांची वाट पाहत आहे की माणसे गेल्यामुळेच ते आदर्श ठरले आहे, या प्रश्नाचे उत्तर चित्र देत नाही.

याच कलादालनात पाओलो उच्चेल्लोने १४६७–६८ च्या सुमारास ऊर्बिनोच्या एका धार्मिक मंडळासाठी रंगवलेली सहा दृश्यांची पट्टी आहे. तिचेही यथार्थदर्शन निर्दोष आहे, चौकटीतील फरशीही तशीच गणिती. कथा मात्र एका ज्यू व्यापाऱ्याची. त्याने पवित्र प्रसाद विकत घेऊन त्याची विटंबना केल्याचा आरोप आणि शिक्षा म्हणून त्याला बायकामुलांसह जाळणे, अशी ती मध्ययुगीन द्वेषकथा आहे. एका दृश्यात घराबाहेर शिपाई दारावर घाव घालीत आहेत आणि आत भेदरलेली मुले आईला बिलगली आहेत. एकाच दशकाच्या आसपास, एकाच नगरात, एकाच भूमितीने रिकाम्या चौकाचे स्वप्नही रेखाटले गेले आणि जळणारे कुटुंबही. ही दोन चित्रे एकत्र पाहिल्याखेरीज ऊर्बिनोचा मानवतावाद समजला असे म्हणता येणार नाही.

ग्रंथालयाची कथाही अशीच दुपदरी आहे. फ्लॉरेन्सचा ग्रंथविक्रेता वेस्पासियानो दा बिस्तिच्ची याने फेदेरिकोसाठी हस्तलिखिते तयार करवून घेतली आणि पुढे त्याचे चरित्रही लिहिले. या संग्रहात छापील पुस्तकाला स्थान नव्हते, असे तो अभिमानाने सांगतो. फेदेरिकोच्या मृत्यूच्या वेळी संग्रहात सुमारे ९०० हस्तलिखिते होती. त्यांत लॅटिन आणि ग्रीकबरोबर हिब्रू ग्रंथही होते. या हिब्रू ग्रंथांपैकी काही १४७२ मध्ये व्होल्तेर्रा नगराच्या लुटीतून आले. ते नगर फ्लॉरेन्सच्या वतीने फेदेरिकोच्या सैन्याने जिंकले होते. स्तुदिओलोच्या भिंतीवर मोझेसला मान मिळाला, तो एका ज्यू कुटुंबाचा ग्रंथसंग्रह हिसकावून झाल्यानंतर.

आणखी एक दुवा अलीकडचा आहे. एप्रिल १४७८ मध्ये फ्लॉरेन्समध्ये लोरेन्झो दे मेदिची आणि त्याचा भाऊ जुलियानो यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्यात जुलियानो मारला गेला. हा कट पात्सी घराण्याच्या नावाने ओळखला जातो. मार्चेल्लो सिमोनेत्ता या अभ्यासकाने फेदेरिकोच्या एका सांकेतिक पत्राचा उलगडा केला आणि फेदेरिको या कटात सहभागी असल्याचे पुढे आले. 'नरका'तील ग्विदोची आठवण येथे अपरिहार्य ठरते.

चार रात्रींचा ग्रंथ

फेदेरिकोनंतर त्याचा पुत्र ग्विदोबाल्दो गादीवर आला. तो विद्याव्यासंगी असला तरी सदा आजारी असे. १५०२ मध्ये चेझारे बोर्जाने ऊर्बिनो बळकावले. पुढल्या वर्षी ते परत मिळाले, तरी पूर्वीचे सामर्थ्य उरले नाही. कास्तिल्योने १५०४ मध्ये या दरबारात आला, तो हा दरबार उतरणीला लागल्यावर. 'दरबारी'तील संवाद मार्च १५०७ मध्ये घडल्याचे सांगितले आहे. ड्यूक व्याधीमुळे लवकर निजायला जातो आणि मंडळी डचेस एलिझाबेत्ता गोन्झागा हिच्या दालनात जमतात. आदर्श दरबारी कसा असावा हे शब्दांत घडवण्याचा खेळ ठरतो. सूत्रे एमिलिया पिया हिच्या हाती असतात. पिएत्रो बेम्बो, लुदोविको दा कानोस्सा, फ्रेगोसो बंधू, बिब्बिएना आणि जुलियानो दे मेदिची हे प्रमुख वक्ते आहेत.

या ग्रंथातील सर्वांत गाजलेली संकल्पना 'स्प्रेत्सातूरा' ही होय. कष्टाने साधलेले कौशल्य असे दाखवावे की ते अनायास आले असे वाटावे. कला झाकली गेली तरच ती कला. राजवाडा पाहिलेल्या वाचकाला ही केवळ शिष्टाचाराची सूचना वाटत नाही. वरच्या दालनांतील सहजता तळघरांतील कष्टांवर उभी असते आणि ते कष्ट दिसू न देणे हीच तिची अट असते. स्प्रेत्सातूरा हे या अर्थाने ऊर्बिनोच्या वास्तूचे शब्दरूप आहे. हा राजवाडा म्हणजे जणू राजवाड्याच्या रूपातील नगरच, असा कास्तिल्योनेचा अभिप्राय आहे. त्याकडे वास्तूची स्तुती म्हणून पाहिले जाते. पण त्याचा दुसरा अर्थही संभवतो : राजवाडाच नगर झाला तर उरलेल्या नगराचे काय?

ग्रंथाचे काळाशी असलेले नातेही लक्षणीय आहे. आपण त्या वेळी इंग्लंडमध्ये होतो आणि ही चर्चा आपण ऐकीव सांगत आहोत, असे कास्तिल्योने म्हणतो. प्रत्यक्षात तो तोपर्यंत परतला होता. स्वतःला अनुपस्थित ठेवण्याची ही योजना हेतुपूर्वक केलेली आहे. ग्रंथ व्हेनिसला १५२८ मध्ये छापला गेला तेव्हा ड्यूक, डचेस आणि अनेक वक्ते मरण पावले होते. अर्पणपत्रिकेत लेखक त्यांची एकेक आठवण काढतो. मधल्या काळात इतिहासानेही विचित्र वळण घेतले होते. ज्या लोरेन्झोविरुद्धच्या कटात फेदेरिको सामील होता, त्याचाच पुत्र जुलियानो हा देशोधडीला लागल्यावर फेदेरिकोच्या वाड्यात आश्रयाला आला आणि ग्रंथात आदर्श दरबारी स्त्रीचे चित्र तोच रंगवतो. आणि १५१६ मध्ये पोप दहावा लिओ, म्हणजे जुलियानोचाच भाऊ, आपल्या पुतण्यासाठी ऊर्बिनो हिसकावून घेतो. यांतले काहीही संवादांत येत नाही, पण १५२८ च्या वाचकाला ते सारे ठाऊक होते. म्हणून 'दरबारी' हा शिष्टाचाराचा ग्रंथ जितका आहे तितकाच विलापिकेचाही आहे.

ग्रंथाचा पुढील प्रवास तौलनिक अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. कवी हुआन बोस्कान याचे स्पॅनिश भाषांतर १५३४ मध्ये आले, तर टॉमस होबी याचे इंग्रजी भाषांतर १५६१ मध्ये. १५६६ मध्ये लुकाश गुर्नित्स्की याने पोलिश रूपांतर केले. त्याने स्थळ बदलून क्राकूफजवळील एका बिशपच्या निवासस्थानी नेले आणि संवादातून स्त्रियांना वगळले. भाषांतरात काय जोडले यापेक्षा काय गाळले, हे पाहणे पुष्कळदा अधिक बोधक ठरते. ऊर्बिनोने मशालजी वगळला होता, क्राकूफला डचेसही वगळली गेली.

ऱ्हास, जतन आणि युद्ध

ग्विदोबाल्दो निःसंतान वारला. पुढे देल्ला रोव्हेरे घराण्याने राजधानी समुद्रकाठच्या पेझारोला हलवली. शेवटचा ड्यूक १६३१ मध्ये मरण पावल्यावर राज्य पोपच्या ताब्यात गेले. १६३३ मध्ये ऊर्बिनोच्या ज्यूंना वेगळ्या मोहल्ल्यात राहण्याची सक्ती झाली. १६५७ मध्ये पोप सातवा अलेक्झांडर याने फेदेरिकोचा ग्रंथसंग्रह रोमला नेला. तो आज व्हॅटिकनमध्ये आहे. स्तुदिओलोच्या भिंतीवरील लाकडी ग्रंथ तेवढे मागे राहिले, कारण ते उचलून नेण्याजोगे नव्हते.

सत्ता गेली म्हणून नव्या बांधकामाला पैसा उरला नाही, आणि नवे बांधकाम झाले नाही म्हणून जुने टिकले. युनेस्कोने १९९८ मध्ये ऊर्बिनोच्या ऐतिहासिक केंद्राला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यामागे ही शतकांची उपेक्षाही आहे. जतन हा प्रत्येक वेळी संकल्पाचाच परिणाम असतो असे नाही. दारिद्र्यही जतन करते, फक्त त्याची किंमत तेथे राहणारे लोक मोजतात. एकोणिसाव्या शतकात कवी जोव्हान्नी पास्कोली याचे बालपणीचे शिक्षण येथील धार्मिक शाळेत झाले. पतंग उडवणाऱ्या मुलांवरची आणि अकाली मेलेल्या एका सोबत्याची त्याची कविता याच टेकड्यांच्या आठवणीतून आली.

दुसऱ्या महायुद्धात ऊर्बिनोचे नाव दोन कारणांनी येते. ऊर्बिनोतील कलाधिकारी पास्क्वाले रोतोन्दी यांनी इटलीतील हजारो कलाकृती जवळच्या सास्सोकोर्वारो येथील किल्ल्यात आणि अन्यत्र लपवून वाचवल्या. दुसरे कारण आपल्याशी संबंधित आहे. १९४४ च्या ऑगस्टअखेर जर्मनांच्या 'गॉथिक रेषे'कडे सरकणाऱ्या ब्रिटिश आठव्या सेनेत चौथी भारतीय डिव्हिजन होती आणि तिची वाट ऊर्बिनोच्या परिसरातूनच गेली. त्याआधी काही आठवडे, १० जुलै १९४४ रोजी, पर्वतरांगेपलीकडच्या वरच्या तायबर खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांनी सोबतचे सारे जवान मारले गेल्यावर किंवा जखमी झाल्यावर एकट्याने शत्रूच्या मशीनगन ठाण्यावर चाल केली आणि ते ठाणे घेतल्यावर त्यांना वीरमरण आले. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या या बावीस वर्षांच्या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेथील मोन्तोने या टेकडीवरील गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले. दान्तेच्या ग्विदोने आपली म्हणून सांगितलेली भूमी ऊर्बिनो आणि तायबरचा उगम यांच्या मधली. त्या उगमाच्या खालच्या खोऱ्यात मराठी माणूस पोहोचला तो वाचक म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या साम्राज्याचा शिपाई म्हणून. फेदेरिकोच्या पगारी सैनिकांची नावे कोणी कोरली नाहीत. घाडगे यांचे नाव मोन्तोने येथे कोरले गेले, त्याला एकोणऐंशी वर्षे लागली.

पुन्हा वस्तीकडे

ऊर्बिनोच्या विसाव्या शतकातील इतिहासात दोन व्यक्तींनी आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला आपापल्या परीने उत्तर दिले आहे. पहिले कादंबरीकार पाओलो व्होल्पोनी (१९२४–१९९४). त्यांचा जन्म ऊर्बिनोचा आणि वडिलांची लहानशी वीटभट्टी होती. ज्या विटेच्या रंगाची पर्यटक प्रशंसा करतात ती भाजणाऱ्यांच्या घरातून हा लेखक आला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. 'रोमकडे जाणारी वाट' या त्यांच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीला स्त्रेगा पुरस्कार मिळाला. युद्धोत्तर ऊर्बिनोतील तरुण, गावाविषयीची माया आणि गाव सोडण्याची अपरिहार्यता हा तिचा विषय आहे. कास्तिल्योनेसाठी ऊर्बिनो हे गमावलेले नंदनवन होते. व्होल्पोनींसाठी ते एक सुंदर, गुदमरवणारे घर आहे. भोवतीची शेती अर्धेलीने कसणारी कुटुंबे गावे सोडून कारखान्यांकडे निघाली होती आणि आदर्श नगर खरोखरीच माणसांवाचून राहण्याची वेळ आली होती.

दुसरे वास्तुविशारद जानकार्लो दे कार्लो (१९१९–२००५). ऊर्बिनोत १५०६ पासून विद्यापीठाची परंपरा आहे. समीक्षक कार्लो बो १९४७ पासून २००१ पर्यंत या विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि आज विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. त्यांच्या निमंत्रणावरून दे कार्लो येथे आले. १९५८ ते १९६४ या काळात त्यांनी नगराचा आराखडा तयार केला. जुनी घरे केवळ राखून ठेवली तर गाव संग्रहालय होईल. ते जिवंत ठेवायचे तर त्यांत नवे रहिवासी आले पाहिजेत, ही त्यांची भूमिका. विद्यापीठाचे विभाग त्यांनी जुन्या इमारतींत बसवले. शिक्षणशास्त्र विभागाची नवी वास्तू जुन्या भिंतींच्या आड अशी उभारली की रस्त्यावरून ती फारशी जाणवत नाही, आत मात्र काचेच्या छपरातून उजेड उतरतो. गावाबाहेरच्या टेकडीवर विद्यार्थ्यांची वसतिगृहे त्यांनी चढ-उतार जसा असेल त्याप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी मांडली. फ्रांचेस्को दी जोर्जोची नागमोडी चढणही त्यांनीच पुन्हा वापरात आणली. जी वाट ड्यूकच्या घोड्यासाठी होती, तिच्यावरून आता कोणीही गावात चढून येऊ शकतो.

१९७० मध्ये ऊर्बिनोत चिन्हमीमांसा आणि भाषाविज्ञान यांचे आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्यामागे ग्रेमास यांची प्रेरणा होती. चिन्ह म्हणजे काय, अर्थ कशातून घडतो, यांविषयी विसाव्या शतकातील काही महत्त्वाच्या चर्चा या टेकडीवर झाल्या. चार रात्रींच्या त्या जुन्या चर्चेची परंपरा वेगळ्या रूपात चालू राहिली, असे म्हणता येईल. फरक इतकाच की आता श्रोत्यांत वीटभट्टीवाल्याचा मुलगाही बसू शकत होता.

समारोप

वास्तू, चित्र आणि ग्रंथ या तिन्हींना एकत्र वाचण्याची पद्धत ऊर्बिनो आपल्याला शिकवते. शिलालेख पूर्वीच्या घरांविषयी मौन पाळतो, पण तळघरे बोलतात. 'आदर्श नगर' रिकामे आहे, पण शेजारच्या भिंतीवर उच्चेल्लोची मुले आईला बिलगून उभी आहेत. ग्रंथात मशालजी नाही, पण पहाटे मशालींची गरज उरली नाही हे सांगताना कास्तिल्योनेने एका वाक्याने त्यांचे अस्तित्व मान्य केले आहे. मोठ्या साहित्यकृतीचे एक लक्षण असे की वगळलेल्याची खूण तिच्यात कोठे तरी राहून जाते, आणि ती ओळखणे हे वाचकाचे काम असते.

वर्गात त्या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नव्हते. आज एवढेच म्हणता येईल की मशाली धरणारे राजवाड्याच्या नागमोडी चढणीवरून रोज ये-जा करीत होते, रात्रभर भिंतीशी उभे होते आणि पहाट झाल्यावर खाली निघून गेले. 'दरबारी' पुन्हा शिकवताना आरंभ चौथ्या रात्रीच्या अखेरपासून, त्या उघडलेल्या खिडकीपासून करावा, असे आता वाटते.